बाटलीवरचा आकडा

लग्नसराई आली की आमच्या नात्यागोत्यात माझा भाव वधारतो. भाचे, पुतणे, सुनांचे भाऊ, सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: “मावशी, वाइन कुठल्या दुकानात स्वस्त पडेल?” फोर्टातल्या मद्याच्या एका घाऊक पेढीत मी उमेदीची सगळी वर्षं हिशेब लिहिले, हे आता कुणापासून लपलेलं नाही. नोकरीला लागले तेव्हा मात्र गिरगावातल्या आमच्या चाळीत ‘ट्रेडिंग कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं जाई. कसली ट्रेडिंग, हे विचारायची पद्धत नव्हती.

भाच्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. दादरला घे, बोरिवलीला घे, नाशकात घे, बाटलीवर छापलंय तेवढेच पैसे देशील. मेथीच्या जुडीसाठी चार गाड्या पालथ्या घालणाऱ्या माणसांना हे पटत नाही. मावशी आपल्या जुन्या शेठजींच्या दुकानाचं नाव हातचं राखून ठेवतेय, असा त्यांना संशय येतो.

पण मुंबईत हे कायम असंच होतं असं नाही. या शहरात एकेकाळी वाइनचे भाव दुकानागणिक वेगळे होते, आणि ते ताडून पाहणारी गिऱ्हाइकंही होती. आमच्या पेढीतून चहाला बाहेर पडलं की ज्या रस्त्यांवरून मी रोज जायचे, तिथेच ती दुकानं होती.

काळ्या घोड्याजवळचा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा फोर्ब्स स्ट्रीट. तिथे १८ नंबरात फिप्सन आणि कंपनी ही वाइनची पेढी होती. मालक हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन. या गृहस्थांचं नाव मद्याच्या धंद्यात आता कुणाला ठाऊक नाही, पण पक्षी-प्राण्यांच्या नादी लागलेल्या माणसांना ते चांगलं माहीत असतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. मंडळींनी जमवलेले नमुने ठेवायला जागा नव्हती, तेव्हा १८८४ मध्ये फिप्सननी आपल्या पेढीतली एक खोली देऊ केली. म्हणजे देशातली ही नामांकित निसर्गसंस्था वाळली-पेंढा भरलेली कातडी घेऊन वाइनच्या दुकानात वाढली. १८८६ मध्ये ती ६, अपोलो स्ट्रीटला गेली, म्हणजे आजचा मुंबई समाचार मार्ग. फिप्सन तिचे सचिव झाले आणि पुढे वीस वर्षं राहिले. त्यांच्या खुर्चीमागे एक जिवंत धनेश पक्षी असे, नाव विल्यम. १८९४ ला आलेला हा पक्षी १९२० पर्यंत जगला, आणि सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे.

फिप्सनना हाताशी म्हणून १८८४ मध्ये विलायतेहून आलेले वॉल्टर मिलार्ड पुढे वाइनचा धंदाही पाहू लागले आणि सोसायटीही. १९०८ च्या सुमारास एक शाळकरी मुलगा, आपल्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कागदात गुंडाळून, ‘ही कुठली’ म्हणून विचारायला सोसायटीत आला. त्याला कपाटं उघडून पक्षी दाखवणारे साहेब हेच मिलार्ड. मुलगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सालिम अली. आमच्या धंद्याला आयुष्यभर नाकं मुरडणाऱ्या माझ्या नणंदेला मी हे मुद्दाम सांगते.

तिला मी आणखीही एक सांगते. फिप्सनसाहेबांनी १८८९ मध्ये ज्यांच्याशी लग्न केलं त्या डॉ. एडिथ पीची, कामा हॉस्पिटलच्या. एडिनबरात डॉक्टरकी शिकण्यासाठी भांडलेल्या पहिल्या सात बायकांपैकी त्या एक. मुंबईत त्यांनी बालपणी झालेलं लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंची बाजू घेतली, बालविवाहाविरुद्ध व्याख्यान दिलं. घरात एक जण बाळंतिणींचा जीव वाचवतोय, दुसरा शेरी आणि क्लॅरेट विकतोय; आणि मुंबईला त्यात काही विसंगत वाटलं नाही.

आता भावाकडे येते. त्या काळी वाइन डझनाच्या हिशेबाने विकली जाई. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतही भाव डझनाचाच असे. माल बोटीने येई, काही पिंपातून, काही बाटल्यांतून, आणि कुठल्या मालाला किती लावायचे हे पेढीचा मालक ठरवी. साहेबलोक रोख पैसे क्वचितच देत. चिठ्ठीवर सही करत आणि बिल महिनाअखेरी घरी जाई. उधारीचं व्याज, बुडीत खात्याची भीती, बदली होऊन गेलेल्या कॅप्टनचं न आलेलं देणं, हे सगळं डझनाच्या भावात कालवलेलं असे. त्यात रुपया घसरत होता. १८७० च्या आसपास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. १८९४-९५ पर्यंत तो एक शिलिंग एक पेनीवर आला. बोर्दोतल्या मळेवाल्याने भाव एका पैशानेही वाढवला नाही, तरी फोर्टातली बाटली दीडपटीच्या पुढे जायची. मी हिशेबाची बाई. असे तक्ते पाहिले की मला त्या काळच्या मुनीमजींची दया येते.

आणि याच घसरगुंडीच्या काळात, १८९१ मध्ये, काळ्या घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअर आलं. इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. या दुकानाचं मूळच वाइनच्या भावात आहे. लंडनच्या काही लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांना किरकोळ दुकानदाराला देतो तो भाव डोळ्यांवर आला. त्यांनी मिळून पेटीच्या पेटी घाऊक भावाने उचलायचं ठरवलं आणि त्यातून १८७१ मध्ये सहकारी सोसायटी उभी राहिली. तत्त्व साधं होतं: सभासदालाच माल, रोखीनेच माल, भाव छापील यादीत. मग मुंबईतल्या साहेबापुढे एका बाजूला चिठ्ठी घेणारी जुनी पेढी, दुसऱ्या बाजूला यादीप्रमाणे रोखीने देणारं नवं दुकान, आणि दोन्हींमध्ये पाच मिनिटांची चाल. किमतींची खरीखुरी तुलना म्हणतात ती हीच. फिप्सनकडून घेतली तर तुमची आवड ओळखणारा माणूस मिळे. नव्या दुकानात घेतली तर चार पैसे वाचत.

हा सगळा खेळ गोऱ्यांचा, आणि फार तर काही पारशी घरांचा. बाकीच्या मुंबई इलाख्याला १८७८ चा अबकारी कायदा होता. ताडाच्या झाडावर कर, मोहाची दारू सरकारी देखरेखीत, गुत्त्यांचे लिलाव. तिथे भाव लिलावात जास्त बोली करणाऱ्याच्या खिशातून ठरत होता. पुण्यात १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने लोकांनी गुत्त्यांपुढे उभं राहून गिऱ्हाइकांना परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा सरकार हादरलं ते यामुळेच; बोलीचे आकडे पडले असते. वाइनच्या पेढीपुढे उभं राहायला मात्र कुणी गेलं नाही.

मग दारूबंदी आली. पहिल्यांदा १ ऑगस्ट १९३९ ला, खेर मंत्रिमंडळाच्या काळात. अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. तीन महिन्यांत मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि ती बंदी विरली. दुसरी आली ती टिकली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी. ती आणणाऱ्या मोरारजीभाई देसाईंचं नाव आमचे पारशी शेठजी या बाबतीत कसं घ्यायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं उडवली, पण कायद्याचा गाभा शाबूत ठेवला. तो कायदा, नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ येऊन, आजही चालू आहे. आपल्याकडे अजूनही कागदोपत्री प्यायला परमिट लागतं ते त्याच्यामुळे.

परमिटच्या दिवसांत दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, भाव मात्र कुणी विचारत नव्हतं. डॉक्टरने दाखला द्यायचा की या माणसाला प्रकृतीसाठी मद्याची गरज आहे. मग सरकारने महिन्याचे युनिट ठरवून द्यायचे. शेठजी सांगत, “बाई, तेव्हा लोक ‘केवढ्याला’ नाय विचारायचा, ‘हाय का’ विचारायचा.” वाइनची अवस्था तर आणखी वाईट. ठरावीक युनिटमध्ये ज्याला शक्य आहे तो कडक मालच घेणार. परदेशी वाइन आयात परवान्यांच्या कचाट्यात अडकलेली. मी लागले तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, बंदी बरीच सैलावली होती, पण आमच्या गोदामात वाइनच्या पेट्या कोपऱ्यातच असत: हैदराबादकडची गोवळकोंडा, बारामतीची बॉस्का, गोव्याची गोड पोर्ट. ती पोर्ट बरीचशी गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतून नाताळात खपे, आणि थोडी बाळंतिणींसाठी म्हणून जाई. आमच्या चाळीतल्या एका आजींनी मला हळूच बाजूला घेऊन ‘ती ताकदीची बाटली’ मागितली होती, ती हीच.

त्या काळात दुकानादुकानांत भावाचा फरक थोडा पडायचा, आणि तो का पडायचा हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार! १९७७ च्या वजनमाप नियमांनी पॅकबंद मालावर किंमत छापायला लावली खरी, पण ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहायची मुभा होती. झालं. मुंबईची जकात वेगळी, पुण्याची वेगळी, वर विक्रीकर. आमच्याकडून एकाच दिवशी एकाच भावाने निघालेली पेटी दोन शहरांत दोन भावांनी विकली जाई. शिवाय ‘कर वेगळे’ या दोन शब्दांच्या आडोशाने चार-आठ आणे कुठे जिरत ते दुकानदार जाणे आणि त्याचा गल्ला. १९९० मध्ये नियम बदलला: सर्व करांसह कमाल किंमत छापायची, तीच एमआरपी. आम्हा हिशेबनिसांचा तो पावसाळा रबरी शिक्के मारण्यात आणि चिकटपट्ट्या लावण्यात गेला. शाईने बोटं इतकी निळी, की घरी आमच्या ह्यांनी विचारलं, मतदान होतं का.

कागदावर एमआरपी म्हणजे छत. त्यावर घेतलं तर गुन्हा. त्याखाली कितीही घ्या, वजनमापाचा कायदा आडवा येत नाही. मग महाराष्ट्रातला दुकानदार खाली का येत नाही? त्याला गरज नाही म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्यात एफएल-२ चे, म्हणजे ज्याला आपण वाइन शॉप म्हणतो त्याचे, नवे परवाने देणं थांबलं. लोकसंख्या कुठल्या कुठे गेली, दुकानं तेवढीच. आहेत ते परवाने हस्तांतरित होतात, भागीदारीत वाटले जातात, आणि त्यांची किंमत कोटींत बोलली जाते. अशा परवान्यावर बसलेल्या माणसाने शेजारच्यापेक्षा वीस रुपये कमी का घ्यावेत? कंपन्या त्याला स्कीम देतात, अमुक पेट्यांवर एक फुकट वगैरे. ती स्कीम बहुतेक वेळा त्याच्याच फडताळात राहते. फोर्टातल्या फिप्सनला काळ्या घोड्याच्या आर्मी अँड नेव्हीची धास्ती होती. आमच्या गिऱ्हाइक-दुकानदारांना फक्त एक्साइजवाल्यांची.

नाशिकच्या वाइनने चित्र बदलायला हवं होतं. ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली, ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशी गेली. मग राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ सुला काढली. २००० साली पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क केले. ज्या राज्यात व्हिस्कीच्या किमतीतला मोठा वाटा सरकारचा, तिथे वाइनवर शुल्क शून्य! आमच्या भावपत्रकात वाइनचं पान एकाचं चार झालं. २००८ पर्यंत नुसती धावपळ होती. मग मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, टाक्यांत वाइन पडून राहिली. नाशकातल्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली, इंडेज बुडाली. इतका माल तुंबला असतानाही दुकानात भाव पडले नाहीत, ही गोष्ट मी तेव्हा वह्यांत बघत होते. मळ्यात द्राक्षाला गिऱ्हाईक नाही आणि काउंटरवर आकडा जसाच्या तसा.

भाव बदलतो तो राज्याची हद्द ओलांडली की. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. प्रत्येक राज्याचं शुल्क वेगळं, लेबल नोंदवायची फी वेगळी, म्हणून बाटलीवर ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असं लिहिलेलं असतं. गोव्यातून येताना बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्यांच्या डिक्क्या उघडल्या जातात त्या यासाठीच. व्हिस्कीत तिथला आणि इथला फरक डोळे फिरवणारा असतो. नाशिकच्या वाइनमध्ये तितका नाही, कारण इथे शुल्क माफ होतं. हे माहीत नसलेले लोक गोव्याहून नाशिकचीच वाइन दामटून आणतात आणि नाक्यावर घाम पुसतात. गोव्यातला दुकानदार मात्र एमआरपीला खरोखर छत मानतो. तिथे दुकानं भरपूर, त्यामुळे पेटी घेतली की तो आपणहून भाव सोडतो.

परदेशी वाइनचं पान वेगळंच. २००७ मध्ये केंद्राने अतिरिक्त सीमाशुल्क काढलं, पण त्याच झटक्यात मूळ सीमाशुल्क शंभराचं दीडशे टक्के केलं. इथे मात्र माझ्या भाच्यांना दुकानं फिरून थोडा फायदा होऊ शकतो. बाटलीच्या पाठीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपीचं स्टिकर असतं. त्याच वाइनच्या दोन वेगळ्या खेपा असल्या की दोन दुकानांत दोन आकडे सापडतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हापासून पाच ते पंधरा डॉलरच्या त्यांच्या वाइनला दीडशेऐवजी शंभर टक्क्यांपासून सुरुवात झाली. ते दहा वर्षांत पन्नासवर येणार. जुन्या खेपेची बाटली आणि नव्या खेपेची बाटली एका फळीवर शेजारी उभ्या असतात त्या अशाने.

२०२२ च्याच जानेवारीत, २७ तारखेला, मंत्रिमंडळाने ठरवलं की शंभर चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटांत वाइन विकता येईल. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हटलं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय बासनात गेला. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टननी १८६१ मध्ये किराणा दुकानदारांना सुटी बाटली विकायची परवानगी दिली त्यावरूनही असाच गहजब झाला होता, आणि एक आरोप हा, की वाण्याच्या बिलात ‘साखर’ लिहून घरातल्या बायका चोरून पितील. आपल्याकडेही टीव्हीवर बायकांच्याच नावाने गळे काढले गेले. मला राग आला तो याचा. किराण्याच्या दुकानातल्या बाईने दोन बाटल्यांवरचे आकडे वाचून पाहिले असते, खालच्या फळीवरची स्वस्त उचलली असती, आणि एफएल-२ वाल्यांच्या शांततेला पहिल्यांदा तडा गेला असता. विरोध करणाऱ्यांत कोण कोण होतं, आणि कोण गप्प राहून खूश होतं, हे आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगावं लागलं नाही.

म्हणून भाच्यांना मी आता दुकान सांगत नाही, बाटली उलटी धरायला सांगते. नाशिकची पांढरी वाइन असेल तर भरल्याचा महिना बघ; दीड-दोन वर्षं उन्हात काचेमागे उभी असलेली बाटली आणि मागच्या महिन्यात आलेली बाटली, दोन्हींचा आकडा एकच असतो. जिथे माल हलतो ते दुकान, फ्रिज आहे ते दुकान. थंड करून दिल्याचे वर दहा रुपये मागितले तर देऊ नको, ते मागणं गुन्हा आहे. आणि पेटी घेणार असशील तर स्कीमबद्दल विचार. नुसतं विचारल्यानेही कधीकधी एक बाटली फडताळातून बाहेर येते.

परवा धाकट्या पुतण्याने बिलाचा फोटो पाठवून विचारलं, सरकार वाइनला एवढी सवलत देतं तर ती यात कुठे दिसते? वाइनवर वीस टक्के व्हॅट. त्यातले सोळा टक्के सरकार वायनरीला परत करतं. २००९ पासूनची योजना, मध्ये काही वर्षं रखडली, २०२३ मध्ये पुन्हा चालू केली. मी त्याला लिहिलं, परतावा कारखान्याच्या खात्यात जमा होतो, तुझ्या बिलात तो पूर्ण वीस टक्केच धरलेला असतो. त्याने अंगठा पाठवला, आणि खाली विचारलं, मग पुण्यात कुठे स्वस्त मिळेल?